सुवर्णकणांची प्रकाशपरीक्षा

प्रकाशाच्या दोन शलाका एकमेकींना छेदून गेल्या, तर छेदबिंदूच्या पलीकडे त्यांपैकी एकीच्याही अंगी दुसरीच्या भेटीची खूण उरत नाही. खिडकीतून आलेले ऊन आणि मेजावरील दिव्याचा उजेड एकाच पेल्यातून आरपार जातात, आणि पेल्याची काच त्या दोहोंशी, दुसरा तेथे नाहीच अशा रीतीने, स्वतंत्रपणे वागते. दिव्याची वात मोठी केल्याने काचेचा अपवर्तनांक बदलत नाही, दिवा मंद केल्याने रंगीत द्रावणात शोषल्या जाणाऱ्या प्रकाशाचे शेकडा प्रमाण कमी होत नाही, आणि तांबडा प्रकाश पारदर्शक स्फटिकातून कितीही वेळ जाऊ दिला, तरी तो तांबडाच बाहेर पडतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत प्रकाशशास्त्राची बहुतेक सारी इमारत या गृहीतावर उभी होती, आणि ते गृहीत चुकीचे होते असे आजही म्हणता येत नाही. त्याची मर्यादा ओलांडता येईल इतका प्रखर प्रकाशच तोवर कोणाच्या हाती आलेला नव्हता.

ही मर्यादा कोठून येते, हे पाहिले पाहिजे. पदार्थातील इलेक्ट्रॉन प्रकाशलहरीच्या विद्युत्क्षेत्राने हेलकावतात, आणि अपवर्तन, शोषण, प्रकीर्णन हे सर्व व्यापार त्या हेलकाव्यांतूनच घडतात. अंगणातल्या झोपाळ्याला हलका झोका दिला असता, जोर दुप्पट केल्यावर झोकाही जवळजवळ दुप्पट जातो. पण झोके उंच चढू लागले की जोर आणि झोका यांतील हे सरळ प्रमाण मोडते, आणि इलेक्ट्रॉनांचेही नेमके तसेच होते. भर दुपारच्या उन्हाचे विद्युत्क्षेत्र मीटरला हजार व्होल्टांच्याही आतले असते, तर अणूच्या पोटात इलेक्ट्रॉनाला धरून ठेवणारे क्षेत्र मीटरला सुमारे ५०० अब्ज व्होल्ट इतके प्रचंड. या दोहोंच्या तुलनेवरूनच ध्यानात येईल की सूर्यप्रकाशाने इलेक्ट्रॉनाला बसणारा झोका हा झोका म्हणण्याच्याही योग्यतेचा नसतो, आणि म्हणूनच रोजच्या व्यवहारात पदार्थ प्रकाशाला सरळ प्रमाणातच उत्तर देत राहतात. हे प्रमाण जेथे मोडते तेथून अरेषीय प्रकाशिकीचे क्षेत्र सुरू होते.

१६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे थिओडोर मेमन यांनी माणकाच्या स्फटिकातून पहिला लेसर-स्पंद काढला, आणि त्यानंतर दीड वर्षही लोटले नाही तोच मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकेन व त्यांचे सहकारी यांनी तो तांबडा प्रकाश गारेच्या स्फटिकावर एकवटून, ६९४.३ नॅनोमीटर तरंगलांबीतून बरोबर निम्म्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश निर्माण करून दाखविला. वर्णपटाच्या छायाचित्रात त्या नव्या प्रकाशाचा ठिपका इतका पुसट होता की छपाईच्या वेळी तो डाग समजून काढून टाकण्यात आला, आणि बाण जिकडे रोखलेला आहे तेथे काहीच नाही, अशा स्थितीत तो ऐतिहासिक निबंध प्रसिद्ध झाला, असे सांगतात. त्याच वर्षी, दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाण्याची जी शक्यता मारिया गेपर्ट-मायर यांनी १९३१ च्या आपल्या प्रबंधात निव्वळ गणिताने मांडली होती, तीही प्रयोगाने शाबीत झाली. तीस वर्षे एक विचार कागदावर वाट पाहत राहिला आणि साधन हाती येताच खरा ठरला, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

नॅनोकणांच्या संदर्भात या व्यापारांपैकी दोन विशेष महत्त्वाचे आहेत. प्रकाशाची तीव्रता वाढेल तसा पदार्थाचा अपवर्तनांक बदलणे हा एक, आणि तीव्रतेबरोबर त्याची शोषणशक्ती बदलणे हा दुसरा. हे बदल किती सूक्ष्म असतात, याची कल्पना आकड्यांवाचून येणार नाही. शुद्ध सिलिकेच्या काचेवर चौरस सेंटीमीटरला २० कोटी वॅट, म्हणजे भर उन्हाच्या सुमारे दोन अब्जपट, तीव्रतेचा प्रकाश पाडला, तरी तिच्या अपवर्तनांकात दशांशचिन्हानंतरच्या आठव्या स्थानी जेमतेम पाचाची भर पडते. कार्बन डायसल्फाइड नावाचा जो दुर्गंधी, विषारी आणि चटकन पेट घेणारा द्रव या क्षेत्रात प्रमाण म्हणून वापरला जातो, त्यात पिकोसेकंद स्पंदांनी मोजलेली तीच भर काचेच्या सुमारे शंभरपट असते; पण शंभरपट होऊनही ती दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानापलीकडे सरकत नाही. असा बदल पदार्थाला अपाय न करता, आणि तोही दुसऱ्या कोणत्या कारणाने झालेला नाही याची खातरजमा करून मोजायचा, हे या प्रकरणाचे प्रयोजन आहे.

आता सोन्याकडे वळू. ५ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे दिलेल्या व्याख्यानात मायकेल फॅरेडे यांनी सोन्याचे असे काही द्रव सादर केले की ज्यांत सोने होते पण सोन्याचा पिवळा वर्ण नव्हता. माणकासारखा लाल रंग घेतलेले ते पाणी पाहून, सोन्याचे अतिसूक्ष्म कण त्यात तरंगत असले पाहिजेत आणि कणांच्या आकारमानाने त्यांचा प्रकाशाशी असलेला संबंध बदलत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. हे कलिल तयार करताना सुवर्णलवणाच्या द्रावणावर त्यांनी फॉस्फरसाची जी क्रिया घडविली, तो फॉस्फरस कार्बन डायसल्फाइडातच विरघळविलेला होता, हा योगायोग येथे नमूद करण्याजोगा आहे. फॅरेडे यांच्या त्या बाटल्यांपैकी काही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अद्याप जपून ठेवलेल्या आहेत. १९०८ मध्ये गुस्टाव्ह मी या जर्मन पदार्थवैज्ञानिकाने गोल कणांवर पडणाऱ्या प्रकाशाचे संपूर्ण गणित सोडविले, आणि फॅरेडे यांच्या लाल रंगाला आकड्यांचा आधार मिळाला.

त्या गणिताचा भावार्थ असा की सोन्याच्या सूक्ष्म गोळीतील मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या विद्युत्क्षेत्राबरोबर सगळे मिळून एकदम हेलकावतात, आणि पाण्यात तरंगणाऱ्या गोळीच्या बाबतीत हे सामुदायिक आंदोलन ५२० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्या प्रकाशाशी, संस्पंदन पावते. चांदीच्या गोळीचे संस्पंदन ४०० नॅनोमीटरच्या सुमारास पडते. हिरवा प्रकाश असा शोषला गेल्यावर उरतो तो लाल. परंतु आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की संस्पंदनाच्या ठिकाणी कणाच्या आतील क्षेत्र बाहेरील क्षेत्राहून मोठे होते, आणि अरेषीय परिणामात या वाढीचा चौथा घात येतो: आतील क्षेत्र दुप्पट झाले, तर कणाचे योगदान सोळापट वाढते. फ्रान्समधील पॅलेझो येथील एकोल पॉलितेक्निकमध्ये रिकार, रुसिन्योल आणि फ्लित्झानिस यांनी १९८५ साली सोन्याच्या आणि चांदीच्या कलिलांत हे वर्धन प्रयोगाने दाखविले, आणि तेव्हापासून धातूंच्या नॅनोकणांची प्रकाशपरीक्षा हा एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला.

वर्धनाची ही गरज किती निकडीची आहे, हे कलिलातील सोन्याचा हिशेब मांडला की कळते. उकळत्या सुवर्णलवणात सायट्रेट घालून लाल कलिल तयार करण्याची जी पद्धत टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ मध्ये वर्णिली आणि जी आज महाविद्यालयीन प्रयोगशाळांतूनही सर्रास वापरली जाते, तिने मिळालेल्या द्रावात लिटरमागे साधारण ५० मिलिग्रॅम सोने असते. सोन्याची घनता ध्यानात घेता याचा अर्थ असा की दहा लाख भाग पाण्यात सोन्याचा वाटा केवळ अडीच भागांचा. तेव्हा प्रकाश प्रत्यक्षात पाण्यातूनच जात असतो, सोन्याची आणि त्याची गाठ क्वचित पडते, आणि पाण्याचे व काचेच्या कुपीचे स्वतःचे योगदान वेगळे मोजून वजा केल्यावाचून सोन्याच्या नावावर काहीही जमा करता येत नाही. ही वजावट न करता छापलेले आकडे मी विचारात घेत नाही, आणि वाचकांनीही घेऊ नयेत.

मोजणीच्या जुन्या रीती अनेक होत्या. त्यांपैकी एकीत चार शलाका एका बिंदूत मिळवाव्या लागत, दुसरीत व्यतिकरणाच्या पट्ट्या किती सरकल्या ते पाहावे लागे, आणि तिसरीत विकृत झालेल्या शलाकेच्या आकारावरून उलट गणित करीत बसावे लागे. सर्वच रीती नाजूक, आणि सर्वांनाच कुशल हात लागणाऱ्या. १९८९ मध्ये फ्लॉरिडातील ऑर्लॅंडो येथील सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठात मन्सूर शेख-बहाई, अली सैद आणि एरिक व्हॅन स्ट्रायलंड यांनी एकच शलाका, एकच भिंग आणि एक छिद्र एवढ्या साहित्यावर चालणारी रीत प्रसिद्ध केली, आणि पुढच्याच वर्षी तिचे सविस्तर गणित मांडले. झेड-स्कॅन या नावाने ती आज जगभर रूढ आहे. विज्ञानातील साधनांची थोरवी त्यांच्या किमतीवर ठरत नाही, याचे इतके निर्मळ उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

तिची मांडणी अशी. लेसरची शलाका भिंगाने एका नाभीवर एकवटली जाते, आणि नाभीच्या पलीकडे ती पुन्हा पसरत जाते. तिच्या वाटेत कलिलाने भरलेली एक मिलिमीटर जाडीची कुपी सरकत्या मंचावर ठेवून, नाभीच्या अलीकडून पलीकडे अगदी थोड्या थोड्या अंतराने नेली जाते. शलाकेतील ऊर्जा सर्वत्र तितकीच असली तरी नाभीजवळ तिचा छेद अत्यंत लहान होतो, म्हणून कुपी नाभीकडे सरकते तशी तिच्यावरील तीव्रता वाढते आणि दूर जाताच ओसरते. म्हणजे दिवा लहानमोठा न करता, केवळ जागा बदलून, पदार्थाला निरनिराळ्या तीव्रतांच्या कसोटीस लावता येते. बऱ्याच अंतरावर एक लहान छिद्र, आणि छिद्रामागे शोधक. लेसरचा प्रत्येक स्पंद थोडा कमीजास्त असतो, यास्तव शलाकेचा एक अंश आधीच वेगळा काढून दुसऱ्या शोधकावर घेतला जातो आणि दोहोंचे गुणोत्तर नोंदले जाते.

आता पदार्थाचा अपवर्तनांक तीव्रतेबरोबर वाढतो असे समजा. शलाकेच्या मध्यभागी तीव्रता अधिक आणि कडेला कमी, त्यामुळे मध्यभागी अपवर्तनांक अधिक आणि कडेला कमी, आणि सपाट कुपीतला तो द्रव क्षणभर बहिर्वक्र भिंगासारखा वागू लागतो. कुपी नाभीच्या अलीकडे असेल, तर या नव्या भिंगामुळे शलाका नेहमीपेक्षा लवकर एकवटते, पुढे अधिक पसरते, आणि छिद्रातून कमी प्रकाश जातो. कुपी नाभीच्या पलीकडे असेल, तर तेच भिंग पसरत्या शलाकेला आवरते, आणि छिद्रातून अधिक प्रकाश जातो. म्हणून आलेखावर आधी दरी आणि मग शिखर दिसते. अपवर्तनांक तीव्रतेबरोबर घटत असेल, तर हाच क्रम उलटा होऊन शिखर आधी आणि दरी नंतर येते. बदलाची दिशा कोणती, हा प्रश्न, ज्यासाठी पूर्वी स्वतंत्र प्रयोग करावे लागत, आलेखाकडे एक दृष्टिक्षेप टाकताच सुटतो.

परिमाणही तितक्याच सरळपणे हाती येते. शिखर आणि दरी यांच्या उंचीतील फरक हा, छिद्र अगदी लहान असेल तर, नाभीवर प्रकाशलहरीच्या कलेत पडलेल्या फरकाच्या ०.४०६ पट असतो. २० कोटी वॅटचा वरचा दाखलाच पुढे चालवू: कार्बन डायसल्फाइडाच्या एक मिलिमीटर थरात, ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला, हा कलाफरक सुमारे ०.०७ रेडियन पडतो, आणि आलेखावर शिखर-दरीतील अंतर सुमारे तीन टक्के दिसते. दशांशचिन्हानंतरच्या सहाव्या स्थानी झालेला बदल अशा रीतीने कोणत्याही बऱ्यापैकी शोधकाला दिसेल इतका मोठा होऊन समोर येतो. १९९० च्या निबंधात या तिघांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम फ्लुओराइडाच्या स्फटिकात तरंगलांबीच्या तीनशेव्या भागाइतकी लहरविकृती मोजून दाखविली आहे.

मोजणारा जर केवळ अपवर्तनाचाच शोध घेत असेल, तर त्याने आणखी एक आलेख काढणे बंधनकारक आहे. छिद्र काढून टाकून सगळाच्या सगळा प्रकाश शोधकावर गोळा केला, तर भिंगासारख्या परिणामाचा मागमूस राहत नाही आणि उरते ते केवळ शोषण. तीव्रतेबरोबर शोषण वाढत असेल तर नाभीवर खड्डा पडतो, शोषण संतृप्त होऊन कमी होत असेल तर उंचवटा उठतो. छिद्रासहित आलेखाला छिद्ररहित आलेखाने भागले, म्हणजे शुद्ध अपवर्तनाची वक्ररेषा मिळते. दोन्ही आलेख शेजारीशेजारी न छापता भागाकारच तेवढा छापणे, ही माझ्या मते सदोष नोंद होय, कारण वाचकाला फेरतपासणीची वाट त्यात राहत नाही.

शलाकेची मापे हा या सर्व हिशेबाचा पाया आहे. नाभीवर शलाकेची त्रिज्या २० मायक्रोमीटर असेल, तर हिरव्या प्रकाशासाठी नाभीची लांबी, म्हणजे ज्या अंतरात शलाका जवळजवळ एकसारखी बारीक राहते ते अंतर, सुमारे २.४ मिलिमीटर येते, आणि शिखर व दरी यांच्यामध्ये मंच सुमारे चार मिलिमीटर सरकलेला दिसतो. कुपीची जाडी या लांबीहून कमी ठेवण्याचे कारणही हेच. त्रिज्येच्या मापात दहा टक्क्यांची चूक झाली, तर तीव्रतेत वीस टक्क्यांची होते, कारण तीव्रता त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असते. शिवाय शलाकेचा छेद आदर्श घंटाकृती नसेल, तर सूत्राचा आधारच ढासळतो. त्यामुळे जाणते संशोधक आधी कार्बन डायसल्फाइडाची कुपी ठेवून ज्ञात आकडा येतो की नाही ते पाहतात, आणि तो आल्यानंतरच सोन्याच्या कुपीला हात लावतात.

येथवरचे वर्णन ऐकून वाचकाला वाटेल की प्रश्न सुटला. परंतु खरी अडचण यानंतरच उभी राहते, आणि तिचे नाव काळ. १९९० च्या त्याच निबंधात एक मिलिमीटर जाडीच्या कार्बन डायसल्फाइडाचे दोन आलेख आहेत. १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या, ३०० नॅनोसेकंद टिकणाऱ्या स्पंदांनी काढलेल्या आलेखात शिखर आधी येते आणि दरी मागाहून. ५३२ नॅनोमीटरच्या, २७ पिकोसेकंदांच्या स्पंदांनी काढलेल्या आलेखात दरी आधी आणि शिखर मागाहून. द्रव तोच, जाडी तीच, आणि बदलाची दिशा मात्र उलटी. पहिल्या प्रसंगी द्रव तापून प्रसरण पावत होता आणि विरळ होत होता. दुसऱ्या प्रसंगी तापून विरळ होण्याइतका अवधीच त्याला मिळाला नव्हता, आणि दांडीसारखे लांबट असलेले त्याचे रेणू प्रकाशाच्या क्षेत्राच्या दिशेने वळण्याचा परिणाम तेवढा दिसला. दोन्ही आलेख खरे आहेत. पण ते दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत, आणि यांपैकी एकाला ‘कार्बन डायसल्फाइडाचा गुणधर्म’ म्हणून संदर्भावेगळे करून मांडणे अनुचित आहे.

सोन्याच्या कणात तर हा काळाचा गुंता अधिकच वाढतो. प्रकाश शोषला गेला की प्रथम इलेक्ट्रॉन तापतात. त्यांची उष्माधारकता फार थोडी असल्याने त्यांचे तापमान हजारो अंशांपर्यंत चढू शकते, आणि सुमारे ५०० फेम्टोसेकंदांत त्यांच्यात आपापसांत वाटणी होऊन एक समान तापमान प्रस्थापित होते. पुढे एक ते काही पिकोसेकंदांत ही उष्णता सोन्याच्या स्फटिकजालाकडे जाते, आणि साधारण १०० पिकोसेकंदांच्या कालावधीत कणाकडून भोवतालच्या पाण्याकडे. १९८८ मध्ये फ्लित्झानिस यांच्या गटाने सोन्याच्या कणांतील अरेषीयतेची फोड करून दाखविली, तीत एकाच पट्ट्यातील इलेक्ट्रॉन, एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाणारे इलेक्ट्रॉन आणि हे तप्त इलेक्ट्रॉन, असे तीन निरनिराळे वाटेकरी निघाले. शंभर फेम्टोसेकंदांचा स्पंद या नाटकाचा पहिला प्रवेशही पुरता पाहत नाही. सात नॅनोसेकंदांचा स्पंद सगळे प्रवेश एकत्र करून त्यांची बेरीज सांगतो. तेव्हा नॅनोसेकंद स्पंदाने आलेला आकडा फेम्टोसेकंद स्पंदाच्या आकड्याहून हजारपट मोठा असला, म्हणजे पहिल्या प्रयोगशाळेतील कण दुसरीतल्या कणांहून सरस, असा निष्कर्ष काढता येत नाही.

स्पंद आखूड असला म्हणजे उष्णतेपासून सुटका झाली, असेही नाही. सेकंदाला ८ कोटी स्पंद सोडणारे फेम्टोसेकंद लेसर पुष्कळ प्रयोगशाळांत असतात, आणि त्यांच्या दोन स्पंदांत १२.५ नॅनोसेकंदांचेच अंतर असते. ३० मायक्रोमीटर त्रिज्येच्या नाभीतून पाण्यातील उष्णता बाजूला ओसरायला सुमारे १.६ मिलिसेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात सव्वा लाखाहून अधिक स्पंद येऊन गेलेले असतात. प्रत्येक स्पंद आपली किंचितशी उष्णता मागे ठेवून जातो, तिची साठवण होत जाते, तापलेल्या पाण्याचा अपवर्तनांक घटतो, आणि आलेखावर शिखर आधी व दरी नंतर अशी ठळक, देखणी, मोठ्या परिमाणाची वक्ररेषा उमटते. ती सुवर्णकणांच्या इलेक्ट्रॉनांची नसून तापलेल्या पाण्याची असते. अशा कितीतरी वक्ररेषा नॅनोकणांची अजोड अरेषीयता म्हणून छापल्या गेल्या आहेत, आणि नंतरच्यांनी त्या आकड्यांचे हवाले देत पुढे नेल्या आहेत, हे मला फार खेदाने लिहावे लागते. उपाय अवघड नाही: सेकंदाला दहाच स्पंद सोडणारा लेसर घ्यावा, किंवा शलाका खंडित करून संकेत काळाबरोबर कसा वाढतो ते पाहावे, म्हणजे मंद गतीने वाढणारा उष्णतेचा भाग आणि तत्क्षणी उमटणारा इलेक्ट्रॉनांचा भाग वेगळे काढता येतात.

दुसरा धोका प्रकीर्णनाचा. नॅनोसेकंद स्पंदांची तीव्रता वाढवीत नेली की तापलेल्या कणाभोवती पाण्याच्या वाफेचा बुडबुडा तयार होतो, तो प्रकाश चहूकडे फेकतो, आणि शोधकावर कमी प्रकाश आल्याने नाभीवर खड्डा दिसतो. शोषण वाढले असे वाटते, वस्तुतः प्रकाश शोषला न जाता बाजूला गेलेला असतो. कुपीच्या बगलेस आणखी एक शोधक ठेवल्याखेरीज ही तफावत उघडकीस येत नाही. तिसरा धोका कणांच्याच स्थित्यंतराचा: दांडीच्या आकाराचे सुवर्णकण प्रखर स्पंदांखाली वितळून गोल होतात, म्हणजे मोजणी सुरू झाली तेव्हाचा पदार्थ ती संपली तेव्हा राहिलेला नसतो. यास्तव मोजणीपूर्वी आणि मोजणीनंतर कलिलाचा वर्णपट घेऊन दोन्ही ताडून पाहणे अगत्याचे आहे.

भारतात या विषयावर चांगले काम झाले आहे. बंगळूरची रामन संशोधन संस्था, मुंबईत कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मद्रासची भारतीय तंत्रज्ञान संस्था येथील रेजी फिलिप, जी. रवींद्र कुमार, एन. संध्याराणी आणि टी. प्रदीप यांनी २००० साली रेणूंच्या एकेरी थराने आच्छादलेल्या सोने, चांदी आणि त्यांच्या मिश्रधातूच्या कणांवरील पिकोसेकंद मोजण्या प्रसिद्ध केल्या. त्यांत कमी तीव्रतेला शोषण संतृप्त होऊन कलिल अधिक पारदर्शक होते, आणि तीव्रता आणखी वाढविली की तेच कलिल उलट अधिक अपारदर्शक होऊ लागते, असे दिसून आले. एकाच पदार्थाच्या आलेखात मध्यभागी उंचवटा आणि त्याच्याच माथ्यावर खड्डा, असे दुहेरी रूप यातून उमटते. आणि कोणत्या तीव्रतेला मोजले हे न सांगता अशा पदार्थाला एकच गुणांक चिकटविणे निरर्थक ठरते. अपारदर्शक होण्याच्या या वृत्तीचा उपयोगही आहे: प्रखर लेसरपासून डोळे आणि संवेदक यांचे रक्षण करणाऱ्या, साध्या उजेडात पारदर्शक राहून धोक्याच्या क्षणी आपोआप काळवंडणाऱ्या माध्यमांचा शोध त्यावर चालतो, आणि १९९२ पासून कार्बनच्या साठ अणूंचे फुलरिन त्या शोधात अग्रभागी राहिले आहे.

झेड-स्कॅनने न साधणारेही काही आहे. दोन फोटॉनांतून दुप्पट वारंवारतेचा एक फोटॉन निर्माण करण्याची एकेका कणाची शक्ती तिने मोजता येत नाही. त्यासाठी कलिलातून सर्व दिशांना विखुरणाऱ्या दुप्पट वारंवारतेच्या अत्यंत क्षीण प्रकाशाची गणती करावी लागते. बेल्जियममधील लूव्हेन येथे कून क्लेज आणि आंद्रे पर्सून्स यांनी १९९१ मध्ये ही रीत द्रावणातील रेणूंसाठी सुगम केली, आणि १९९८ मध्ये सोन्याच्या कणांचा असा संकेत अपेक्षेबाहेर प्रबळ असल्याचे दिसून आले.

एककांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. अरेषीय प्रवणता, म्हणजे पदार्थाच्या अरेषीय प्रतिसादाचे माप, जुन्या विद्युत्स्थितिक एककांत आणि आंतरराष्ट्रीय एककांत अशा दोन्ही प्रकारे लिहिली जाते. पहिल्या एककातील तृतीय श्रेणीच्या प्रवणतेला सुमारे १.४ छेद १० कोटी, म्हणजे १.४ भागिले १० चा आठवा घात, याने गुणले की दुसऱ्या एककातील आकडा मिळतो. शिवाय निरनिराळे ग्रंथकार व्याख्येतच निरनिराळे अंशगुणक घेतात. निबंधात व्याख्या आणि एकक दिलेले नसेल, तर आकड्याची तुलना करू नये.

आणि ज्या द्रवाला प्रमाण मानून ही सारी तुलना चालते, त्या कार्बन डायसल्फाइडाचे काय? सेंट्रल फ्लॉरिडा विद्यापीठातील त्याच परंपरेतील संशोधकांनी २०१४ मध्ये त्याची पुनश्च सांगोपांग तपासणी प्रसिद्ध केली. इलेक्ट्रॉनांचा तत्क्षणी होणारा प्रतिसाद आणि रेणूंच्या निरनिराळ्या हालचालींचे पिकोसेकंदाच्या आसपासचे प्रतिसाद त्यांनी वेगवेगळे मोजले, आणि अतिशय आखूड फेम्टोसेकंद स्पंदांपासून कित्येक पिकोसेकंदांच्या स्पंदांपर्यंत जाताना या द्रवाचा परिणामी अरेषीय अपवर्तनांक सुमारे दसपट वाढतो, असे दाखविले. तेव्हा कार्बन डायसल्फाइडाचा एकच ठरावीक आकडा धरून ज्यांनी आपली उपकरणे प्रमाणित केली, त्यांच्या सुवर्णकणांचे आकडे वापरण्यापूर्वी स्पंदाची लांबी पाहून ते नव्याने काढले पाहिजेत. आणि ज्या निबंधात स्पंदाची लांबी नमूदच केलेली नाही, त्यातील आकडा कोणत्याही कोष्टकात घेऊ नये.